आठच्या वर गेला तर

२. शीतकपाट भिंतीस खेटून ठेवले आहे काय?

पुस्तिकेतला पहिला प्रश्न इतका बावळट होता की तिनं तो वाचून सोडूनच दिला. म्हणून ही गोष्ट दोनपासून सुरू होते. एकापाशी पोचायला आपल्याला अकरा दिवस लागतील. तिलाही तेवढेच लागले.

तर, खेटून होतं काय? होतं. पुस्तिका लिहिणाऱ्याच्या घरी शीतकपाट असेल, तिच्या घरी फ्रिज होता. सोळा वर्षांचा. शनिवारी सकाळी तिनं आणि नवऱ्यानं मिळून तो पुढं ओढला. मागं बाटलीची दोन बुचं निघाली. एक चमचा निघाला, जो हरवल्यावरून तिनं एके काळी नवऱ्याशी दोन दिवस अबोला धरला होता. आणि मागच्या काळ्या जाळीवर धुळीची अशी जाड दुलई निघाली की नवरा म्हणाला, एवढं पांघरूण घेतल्यावर कुणालाही उकडणारच.

तिला हसू आलं नाही. मंगळवारी फ्रिजमध्ये चार इंजेक्शनं येणार होती.

दूध नासलं असतं, भाजी गेली असती, अर्धं कलिंगड फेकावं लागलं असतं, तरी तिनं हूं की चूं केलं नसतं. पण इंजेक्शनांचा मामला वेगळा होता. ती एका लॅबमध्ये दातांच्या कवळ्या करायची. खिडकीजवळच्या टेबलावर बसून, ज्योतीवर सुरी तापवून, गुलाबी मेणात एकेक दात बसवायचा. हा केसभर आत, तो केसभर बाहेर, म्हणजे म्हातारा माणूस हसला की ते त्याचंच हसू वाटतं. गेल्या वर्षी तिच्या बोटांचे सांधे सुजायला लागले. सुरी हातातून निसटायला लागली. साहेबांनी तिला मागच्या खोलीत प्लास्टर कालवायला बसवलं, जिथं नवशिकी पोरं बसतात, आणि चार महिने ती तिथं दुसऱ्यांच्या जबड्यांचे साचे ओतत राहिली. घरी दिव्याचं बटणसुद्धा ती बोटाच्या पेरानं दाबायची. मग ही इंजेक्शनं सुरू झाली. दर दुसऱ्या शनिवारी एक. पाचव्यानंतर ती खिडकीजवळ परत आली.

आतापर्यंत दवाखान्यात जाऊन टोचून घ्यावं लागायचं. आता चार घरी न्या, असं औषधवाल्या बाईंनी सांगितलं होतं. अट एकच. फ्रिज दोन ते आठ अंशांत राहिला पाहिजे. दोनच्या खाली नको, आठच्या वर नको. राहतो ना तुमचा?

राहतो, असं तिनं ठोकून दिलं होतं. मग लॅबमधून तापमापक घरी आणला. तारेच्या टोकाची नळी आत ठेवायची, आकडा बाहेर दारावर चिकटवायचा. दिवसभरात पारा जास्तीत जास्त कुठवर चढला, तेही तो लक्षात ठेवायचा. त्यानं पहिल्याच दिवशी अकरा दाखवले.

३. दाराचे रबर सैल झाले आहे काय?

सोमवारी फ्रिजवाला आला. बोलण्याआधी फ्रिजला कान लावून डोळे मिटायची त्याची सवय. तसा तो बराच वेळ उभा राहिला. अण्णा, म्हणजे तिचे सासरे, खुर्चीवर बसून हे बघत होते. त्यांनी हळूच विचारलं, नाडी लागतेय का. फ्रिजवाला म्हणाला, लागतेय, पण पेशंटला खूप दिवस कुणी आंघोळ घातलेली नाही.

त्यानं जाळी ब्रशनं साफ केली. दारात कागदाची पट्टी धरून दार लावलं आणि पट्टी ओढून बघितली. घट्ट बसली होती. आतल्या मागच्या भिंतीच्या झडपेपुढं ठेवलेलं पातेलं उचलून तिच्या हातात दिलं आणि म्हणाला, ताई, थंड वारा इथून येतो, त्याच्या नाकावर तुम्ही पातेलं ठेवलंत. तासाभरात आकडा सहावर आला. तो गेला. फ्रिज दुरुस्त झाला होता.

हे वाक्य पुन्हा वाचावं. फ्रिज दुरुस्त झाला होता. सोमवारी, सकाळी साडेनऊला. यापुढं जे झालं त्यात फ्रिजचा काडीचा दोष नाही.

४. ..............ले आहे काय?

इथं चहाचा डाग आहे.

५. नियंत्रक बटण योग्य अंकावर आहे काय?

फ्रिजच्या आत बटण होतं, अंक नव्हते. सोळा वर्षांत पुसून पुसून बटण गुळगुळीत झालं होतं. उजवीकडं फिरवलं की थंडी वाढते, डावीकडं फिरवलं की कमी होते, एवढं घरात सगळ्यांना ठाऊक होतं, किंवा ठाऊक आहे असं तिला वाटत होतं. मंगळवारी सकाळी तिनं कामावरून घरी फोन लावला. नवरा बेकरीत भट्टीवर असतो. त्याची पाळी दुपारी बाराला सुरू होते, म्हणून सकाळी तो घरी.

"किती दाखवतोय?"

"नऊ."

"मग वाढव की."

"नऊ आहे म्हणतोय. अजून वाढवू?"

"थंडी वाढव."

"म्हणजे कमी कर असं म्हण ना."

"कमी कसं? बटण वाढव, म्हणजे आकडा कमी होईल."

"बटण वाढवलं की आकडा वाढतो. अठरा वर्षं मी तेच करतोय."

"ती भट्टी आहे रे."

यानंतर थोडा वेळ दोघांनी एकमेकांच्या अकलेविषयी चर्चा केली. शेजारच्या टेबलावरची बाई मेण वितळवता वितळवता कान देऊन ऐकत होती. शेवटी तह झाला. वाढवणे म्हणजे बटण उजवीकडं फिरवणे. आकड्याचं नाव काढायचं नाही, थंडीचं काढायचं नाही, उष्णतेचं तर मुळीच नाही. नुसतं वाढवणे. मंजूर? मंजूर. आणि फ्रिज नऊवर गेला होता तो नवरा दार उघडं टाकून कालचं कलिंगड शोधत होता म्हणून, हेही पाच मिनिटांनी निष्पन्न झालं.

हा तह दोघांत झाला. घरातला तिसरा माणूस तेव्हा आतल्या खोलीत रेडिओ ऐकत होता.

त्या संध्याकाळी ती खोकं घेऊन आली. चार इंजेक्शनं खालच्या कप्प्यात, मागं, झडपेपासून हातभर लांब ठेवली. मग एक कागद घेतला, लॅबच्या चिठ्ठ्यांवर लिहिते तसं गोल, मोठं, सुवाच्य अक्षर काढलं, आणि फ्रिजच्या दारावर आकड्याच्या खाली चिकटवलं.

आठच्या वर गेला तर वाढवा.

अण्णांना बोलावून समजावलं की दुपारी घरात तुम्हीच असता, तर अधूनमधून आकडा बघत जा आणि चिठ्ठीत लिहिलंय तसं करा, माझ्या बोटांचा प्रश्न आहे. अण्णांनी चष्मा लावला, अक्षरांखालून बोट फिरवत चिठ्ठी मोठ्यानं वाचली, आणि म्हणाले, "वाढवतो. त्यात काय."

आकडे

बुधवार. सकाळी पाच अंश. संध्याकाळी सहाला ती आली तेव्हा दहा. दिवसातला सगळ्यात वरचा आकडा तेरा.

तेरा बघून ती तशीच अण्णांकडं गेली. अण्णांना विचारलं, आज आठच्या वर गेला होता का. गेला होता की, जेवण काढायला दार उघडलं तेव्हा नऊ झाला होता. मग वाढवलात का. लगेच वाढवला. तिनं बटण स्वतःच्या हातानं आणखी थोडं उजवीकडं फिरवलं.

गुरुवार. सकाळी चार. संध्याकाळी दहा. वरचा आकडा तेरा. दुपारी लाइट गेली होती का, अण्णा? नाही, रेडिओ अखंड चालू होता. वाढवलात का? वाढवला.

शुक्रवार. सकाळी तीन, तेही जेमतेम, कारण तिनं बटण फार फिरवलं होतं. आता खालून दोनची भीती. थोडं मागं घेतलं. संध्याकाळी नऊ. वरचा आकडा बारा. फ्रिजला आणखी कुणी हात लावला होता का? अण्णा म्हणाले, फ्रिजला मी दाराशिवाय कुठंही हात लावत नाही, तुझी शपथ. आणि वाढवलात? अगं हो, रोज वाढवतो, किती वेळा विचारशील.

शनिवार. तेच.

रविवार. सगळे घरी. दिवसभर पाच-सहा, पाच-सहा. दहा वेळा दार उघडलं तरी आठच्या वर गेला नाही. पाहुणे आल्यावर द्वाड पोर जसं गोड वागतं तसा फ्रिज दिवसभर शहाण्यासारखा घुमत उभा होता. तिला त्याला लाथ घालावीशी वाटली. घातलीही, हलकीशी, पायाच्या अंगठ्याला लागेल इतपत.

सोमवार. सकाळी पाच. संध्याकाळी दहा. वरचा आकडा तेरा.

६. वरील सर्व तपासूनही दोष कायम राहिल्यास अधिकृत तंत्रज्ञास पाचारण करावे.

तंत्रज्ञास पाचारण केलं. म्हणजे सोमवारी संध्याकाळी चार वेळा फोन केला. तीन वेळा त्याच्या बायकोनं उचलून, ते जेवतायत, ते झोपलेत आणि ते आत्ताच बाहेर पडले, असं सांगितलं, आणि चौथ्यांदा तो स्वतःच बोलला. मंगळवारी सकाळी आला. पुन्हा कान लावला. पुन्हा डोळे मिटले. आकडा तेव्हा पाच होता आणि फ्रिज एखाद्या सद्गृहस्थासारखा वागत होता. त्याला दोष सापडेना. तिला तर त्याचा मिटलेला डोळाही बघवेना.

शेवटी त्यानं विचारलं, दुपारी वर जातो तेव्हा वाढवून बघितलात?

रोज वाढवतो, असं अण्णा खुर्चीवरून म्हणाले. फ्रिजवाल्यानं मान डोलावली. वाढवल्यावर लगेच उतरतो का? नाही, म्हणाले अण्णा, वाढवल्यावर आधी चढतच जातो. तीन-साडेतीन तास चढतो. उतरायला लागतो तो साडेचारनंतर.

फ्रिजवाल्याचा चेहरा पडला. वाढवल्यावर चढतो, असा पेशंट त्यानं उभ्या आयुष्यात बघितला नव्हता. तो दोन पावलं मागं सरकून फ्रिजकडं बघत राहिला. मग म्हणाला की ताई, याचा कॉम्प्रेसर आता दमला आहे, थंडी मागितली की त्याला धाप लागते आणि तो उलटा तापतो. याच्यावर हात फिरवून उपयोग नाही, नवीन बघा.

नवीन बघा. जसं काही नवीन फ्रिज कोपऱ्यावर झाडाला लागतात. बरं, नवीन यायला आठवडा तरी लागणार होता, आणि इंजेक्शनं मात्र आजची आज कुठंतरी ठेवायला हवी होती. तिनं शेजारणीला विचारलं. शेजारणीचा फ्रिज मूल शाळेतून आलं की दर पाच मिनिटांनी उघडा असतो, असं शेजारीणच म्हणाली. लॅबमधल्या फ्रिजला साहेबांचं कुलूप. नवरा म्हणाला, बेकरीतल्या शीतखोलीत ठेवू. तिथं उणे चार असतं, म्हणजे इंजेक्शनांचा बर्फ. तिनं हात टेकले.

त्या संध्याकाळी नवरा नऊला आला तेव्हा ती फ्रिजसमोर स्टुलावर बसली होती, आणि गेले तीन दिवस मनात घोळत होतं ते तिनं हलक्या आवाजात बोलून टाकलं. बटण. अण्णा म्हणतात रोज फिरवतो. रोज फिरवलं असतं तर ते आतापर्यंत टोकाला जायला हवं होतं. ते टोकाला नाही.

"म्हणजे?" नवऱ्यानं विचारलं.

"म्हणजे ते फिरवत नाहीत. आणि त्यांना वाटतंय की फिरवतात."

नवरा बूट काढता काढता थांबला. अण्णांचं वय अठ्ठ्याहत्तर. गेल्या महिन्यात त्यांनी चष्मा साखरेच्या डब्यात ठेवला होता, त्यावर सगळे हसले होते. आता दोघांनाही तो डबा आठवला आणि दोघांपैकी कुणीच त्याचं नाव काढलं नाही. मग नवरा एकदम चिडला. तुला फ्रिजचा दोष सापडत नाही म्हणून आता माझ्या बापाच्या डोक्यात शोधणार का, असं म्हणाला. ती म्हणाली, मला इंजेक्शनं वाचवायची आहेत, तू मला परत प्लास्टर कालवायला बसवणार का. तो म्हणाला, मला भूक लागली आहे, आधी मला वाढ, फ्रिजला मागाहून वाढव. एरवी यावर दोघं हसली असती.

५. (पुन्हा.)

बुधवारी सकाळी तिनं लॅबमधून आणलेला गुलाबी मेणाचा कण बोटांत मऊ केला आणि बटणावर टिकलीएवढा चिकटवला. समोर पट्टीवर दुसरा. दोन टिकल्या अगदी समोरासमोर. बटण केसभर हललं तरी कळणार. केसभर म्हणजे किती, हे तिला चांगलं कळत होतं; तो तिचा धंदा होता.

मग कामावर गेली. संध्याकाळपर्यंत थांबायचं, येऊन टिकल्या बघायच्या, असं ठरवलं होतं. तिला अकरापर्यंतच धीर धरवला. एका कवळीत वरचे चार दात बसवून झाले, पाचवा हातात घेतला आणि तो डावीकडचा की उजवीकडचा हेच कळेना. तिनं साहेबांना सांगून अर्धा दिवस घेतला. साहेबांनी तिच्या चेहऱ्याऐवजी तिच्या बोटांकडं बघून विचारलं, पुन्हा सुरू झालं का? नाही, म्हणाली ती. अजून नाही.

सव्वाबाराला ती घरी पोचली. किल्लीनं दार उघडलं, चपला हातात घेतल्या, आणि स्वतःच्याच घरात चोरासारखी चपलांच्या कपाटामागं उभी राहिली. तिथून स्वयंपाकघर सरळ दिसायचं.

अण्णा टेबलाशी बसून रेडिओ ऐकत होते. फ्रिज घुमत होता. अण्णांनी उठून दार उघडलं, जेवणाचे डबे काढले, दार लावलं. तिला वाटलं, हे किती नीटनेटकं करतात. जेवले. तिनं केलेल्या कवळीनं सावकाश, चवीनं जेवले. ही कवळी आपणहून चावते, मी नुसतं तोंड उघडतो, असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे. ताट धुतलं. उरलेलं ठेवायला पुन्हा दार उघडलं, भांडी इकडची तिकडं करत जरा जास्तच वेळ उघडं ठेवलं, मग लावलं. एकच्या बातम्या लागल्या. बातम्या संपल्यावर चष्मा लावून ते फ्रिजसमोर उभे राहिले.

आकडा वाचला. "नऊ," असं स्वतःशीच म्हणाले. चिठ्ठी वाचली. रोज वाचत असावेत. बोट अक्षरांखालून तसंच सरकलं.

मग फ्रिजचं दार त्यांनी उघडलंच नाही. बटणाकडं हात गेलाच नाही. ते फ्रिजच्या बाजूला वळले, भिंतीकडं वाकले, आणि

१. वीजपुरवठा चालू आहे काय?

आणि खट्.

घुमणं थांबलं. घर एवढं शांत झालं की तिला रेडिओतली खरखर ऐकू आली. अण्णांनी फ्रिजच्या दारावर दोनदा थोपटलं, दमून आलेल्या माणसाला थोपटावं तसं, आणि खुर्चीकडं निघाले.

"अण्णा."

ते दचकले नाहीत. आज लवकर सुटलीस का, चहा टाकू का, असं म्हणाले.

"हे तुम्ही काय केलंत?"

"वाढवला. नऊ झाला होता."

त्याच क्षणी तिला बारा वर्षांपूर्वीची एक दुपार आठवली. लग्नाचा पहिला आठवडा. बाहेर कुणीतरी आलं होतं आणि अण्णा आतून म्हणाले होते, सूनबाई, रेडिओ वाढव जरा. तिनं वाढवला. इतका वाढवला की खालच्या मजल्यावरचे लोक वर आले. सासूबाई तेव्हा होत्या. त्या पदर तोंडावर धरून हसल्या आणि सांगितलं की अगं, यांच्या तोंडी बंद हा शब्द नाही. दुकानदार माणूस. दुकान बंद केलं म्हटलं की कायमचं बंद होतं अशी धास्ती, म्हणून दुकान वाढवायचं. मग दिवा वाढवायचा. मग पंखा, रेडिओ, नळसुद्धा. चाळीस वर्षं छत्र्या विकल्या, रोज संध्याकाळी दुकान वाढवून घरी आले, आणि सहा वर्षांपूर्वी गुडघे गेले तेव्हा किल्ली नव्या मालकाच्या हातात ठेवतानाही ते एवढंच म्हणाले होते, की वाढवलं.

हे तिला माहीत होतं. बारा वर्षं माहीत होतं. अण्णा रोज तिच्यासमोर दिवा वाढवायचे आणि ती त्याचा बरोब्बर अर्थ लावायची. पण चिठ्ठी लिहिताना तिच्या डोक्यात नवऱ्याशी झालेला तह होता.

"पण तो आकडा चढत जातो ना, वाढवल्यावर?" तिनं विचारलं. "तुम्हाला दिसतं ना ते?"

"चढणारच. तापलेलं यंत्र आहे. आत कोंडलेली उष्णता बाहेर नको का पडायला? साडेचारला पुन्हा लावतो, की बघ कसा भराभर उतरतो. विश्रांती मिळाली की उतरतो." मग तिच्याकडं जरा निरखून म्हणाले, "मी रोज सांगत होतो की तुला."

सांगत होते. तेच तर. एक अक्षर खोटं बोलले नव्हते. फ्रिजला हात लावला नाही. खरं होतं, भिंतीला लावला. लाइट गेली नाही, खरं होतं. वाढवला, त्याहून खरं काय असणार. तिनं चिडायचं म्हटलं तरी राग ठेवायला कुठं जागा सापडेना. अण्णांवर ठेवावा तर ते चिठ्ठीकडं बोट दाखवत होते, चिठ्ठीवर ठेवावा तर अक्षर तिचं होतं, आणि पुस्तिकेवर ठेवावा तर पुस्तिकेनं सगळ्यात आधी हेच विचारलं होतं.

तिनं वाकून बटण दाबलं. फ्रिज एक आचका देऊन पुन्हा घुमायला लागला. अण्णा बघत राहिले.

"वाढवायचा नव्हता?"

"चालूच ठेवायचा होता."

"मग लिहायचं तसं."

खालच्या कप्प्यातून

औषधवाल्या बाईंचा फोन पाचव्यांदा लागला. तिनं सगळं सांगितलं. शब्दाची भानगड सांगितली नाही. नुसतं म्हणाली की दुपारी फ्रिज बंद राहत होता. बाईंनी विचारलं की किती दिवस आणि रोज किती वेळ, अंदाजे चालणार नाही. तिनं अण्णांकडं बघितलं. अण्णांनी खुर्चीवरूनच सांगितलं. बुधवार ते शनिवार आणि सोमवार-मंगळवार, बातम्या संपल्यावर म्हणजे एक वाजून दहा मिनिटांनी बंद, साडेचारला चालू. रविवारी घरात सगळे होते म्हणून मी हात घातला नाही. छत्री कुणाला कुठल्या रंगाची विकली हे दहा वर्षांनी सांगणारा माणूस; त्याच्या डोक्यात आपण दोष शोधत होतो हे आठवून तिला शरम वाटली, आणि त्या शरमेचाही राग आला.

बाई पलीकडं कागद चाळत होत्या. मग त्यांनी सरळ सांगून टाकलं. हे औषध एकदा आठच्या वर गेलं की ते बाहेर काढलं असं धरायचं, मागाहून फ्रिजमध्ये कितीही गार करा. बाहेर काढल्यापासून चौदा दिवसांत वापरायचं. पहिल्या बुधवारपासून आज सात झाले. या शनिवारचं घ्या, बिनधास्त घ्या. त्यानंतरचं दोन आठवड्यांनी, म्हणजे ते बसत नाही. बाकीची तीन परत आणून द्या. नवी कधी? औषध मिळणाऱ्यांची पुढची यादी तीन महिन्यांनी लागते. मधे कुणाची उरली तर बघू.

बघू, म्हणाली तीही. फोन ठेवला. खोकं काढलं. चारही इंजेक्शनं तशीच दिसत होती. स्वच्छ, गार, कुठं ढगाळ नाही की काही नाही. नासलेलं दूध निदान वास मारतं. तिनं एक वेगळं ठेवलं, तीन पिशवीत घातली. उजव्या हाताची मूठ मिटली, उघडली. अजून चांगली मिटत होती. शनिवारनंतर महिनाभर तरी मिटेल. त्यापुढं मागची खोली, पाण्याची बादली आणि ढवळायची पळी.

नवऱ्याला फोनवर सांगितलं. त्यानं आधी सगळं पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग हसायला लागला आणि हसता हसताच त्याचा आवाज चिरकला. म्हणाला, डोकं ठीक आहे म्हणजे त्यांचं. हो, म्हणाली ती, आपल्या तिघांत तेवढंच ठीक आहे.

चिठ्ठी तिनं फाडली. नवी लिहायला बसली. 'थंडी वाढवा' लिहिलं, खोडलं. 'कमी करा' लिहिलं, खोडलं. 'बटण उजवीकडे' लिहिलं आणि मग लक्षात आलं की भिंतीवरचं बटणही फ्रिजच्या उजवीकडंच आहे. तो कागद चुरगाळला. शेवटी काहीच लिहिलं नाही. भिंतीवरच्या बटणावर गुलाबी मेणाचा गोळा थापून ते पुरतं झाकून टाकलं, कवळीखालची हिरडी असते तसं, आणि सुरीनं कडा गुळगुळीत करत बसली. गरज नव्हती तरी बराच वेळ करत बसली.

अण्णा खुर्चीतून सगळं बघत होते. तीन इंजेक्शनांची पिशवी टेबलावर होती. त्यांनी ती मोजली असणार. विचारलं मात्र काही नाही. संध्याकाळचा चहा त्यांनी केला, तिला दिला, आपला कप धुऊन पालथा घातला. बाहेर उजेड होता तरी स्वयंपाकघरातला दिवा तिनं कडा नीट दिसाव्यात म्हणून लावला होता. अण्णा दाराशी गेले. भिंतीवरच्या बटणांच्या पट्टीपाशी थांबले. हात वर नेला आणि तसाच ठेवला.

"सूनबाई," ते म्हणाले. मग जरा घसा खाकरला. "दिवा... बंद करू का?"

बारा वर्षांत तिनं त्यांच्या तोंडून हा शब्द ऐकला नव्हता. सासूबाई गेल्या तेव्हाही नाही. किल्ली दिली तेव्हाही नाही. कवळीत नीट न बसलेल्या दातासारखा तो तोंडातल्या तोंडात अडखळत बाहेर आला होता.

"वाढवा, अण्णा," ती म्हणाली.

हात बटणावरच राहिला. ते तिच्याकडं बघत होते. म्हणजे कुठलं वाढवणं, असं विचारत असल्यासारखे. ती वाट बघत राहिली, आणि तेही. फ्रिज घुमत होता, आकडा सातवर आला होता. शेवटी तीच उठली, त्यांच्या हाताशेजारी हात नेला, आणि बोटं सगळी शाबूत असताना, त्या चार महिन्यांसारखा, पेरानं दिवा मालवला.